सातवी पुडी

बाटली टेबलावर सरळ उभी राहत नव्हती. हात काढला की किंचित डावीकडे कलायची आणि तशीच थांबायची. मी ती आडवी केली आणि तळाला पट्टी लावली. बाटलीचा तळ मधोमध थोडा आत गेलेला असतो, म्हणून ती कडेवर टेकून स्थिर राहते. या बाटलीचा तळ बाहेर आला होता. जवळजवळ तीन मिलिमीटर.

“मोजून कमी होणार आहे का ते?” अक्का म्हणाल्या. “अठ्ठेचाळीस आहेत तशा. दोन तर तिथेच फुटल्या म्हणे, न्हाणीघरात. एका बाईच्या अंगावर उडालं.”

“लागलं तिला?”

“लागलं नाही. केसांना आंबट वास आला. एवढ्या लांबून रानात राहायला आलेली बाई, तिला ताकाचा वास चालेना.”

बोलणं थट्टेचं होतं, पण अक्का हसत नव्हत्या. समाजमंदिरामागच्या त्या खोलीत परत आलेली दोन खोकी जमिनीवर होती आणि अक्का त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी तेव्हा साताऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि सुट्टीला सासरी, जलाशयाच्या काठच्या सावरवाडीला जात होते. अक्कांनी तिथे बारा बायकांना घेऊन कारवी महिला गट उभा केला होता. गट एकच वस्तू करायचा: रिठा आणि शिकेकाईचं न्हाणं. केसांना, अंगाला, दोन्हीला चालणारं, तपकिरी, पातळ, फेस कमी येणारं.

ते घेणारं मुख्य गिऱ्हाईक जलाशयाच्या पलीकडे होतं. गुपते नावाच्या गृहस्थाने तिथे बारा झोपड्यांचं पर्यटन निवास काढलं होतं. झोपड्यांतलं आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांतून मुरत मुरत जलाशयात जायचं. म्हणून त्याने पाहुण्यांच्या साबण-शांपूवर बंदी घातली होती. फाटकावरच पिशवीतून काढून ठेवायचे, जाताना परत. त्याऐवजी काय द्यायचं, हे ठरवायला त्याने चार महिने घालवले होते. पुण्या-मुंबईच्या नैसर्गिक म्हणवणाऱ्या अनेक वस्तू आणून बघितल्या आणि शेवटी आमचं न्हाणं निवडलं. आमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत एक शब्द होता: रसायनविरहित.

बाटल्या गुरुवारी सकाळी लाँचने परत आल्या. शनिवारी गुपते स्वतः येणार होता. पुढे घ्यायचं की थांबवायचं, हे तो तेव्हा सांगणार होता. अक्कांनी फोन केला आणि मी कॉलेजातला सूक्ष्मदर्शक पेटीत घालून दुपारपर्यंत पोचले.

खिडकीशी टेबल ओढून मी एक थेंब काचपट्टीवर घेतला. बघायला फार वेळ लागला नाही. गोल पेशी होत्या, एकमेकींना चिकटलेल्या, काहींच्या कडेला लहानशी कळी फुटलेली. यीस्ट. पाव फुगवतं तेच. रिठ्याच्या सालीवर, शिकेकाईच्या शेंगेवर ते मुळातच असतं. उकळल्यावर मरतं, पण गाळताना, भरताना हवेतून पुन्हा येतं. त्याला थोडी साखर मिळाली की वायू होतो, आणि बंद बाटलीत वायूला जायला जागा नसते.

मी आणखी अर्धा तास दुसरं काही दिसतं का ते बघितलं. शेणातून, घाणेरड्या पाण्यातून येणारे जिवाणू काडीसारखे असतात, बरेचसे वळवळतात. तसे दिसले नाहीत. पेशींच्या चित्राखाली मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे हे घाणीमुळे झालेलं नव्हतं, हे मला गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी ठाऊक होतं. हे मुद्दाम सांगते आहे.

चार वाजता गटाच्या बायका जमल्या. ठकूबाई सगळ्यांत शेवटी आली. ती वरच्या धनगरवाड्यातली, ठकूबाई आखाडे. पन्नाशीची, उंच, बोलायला कमी. चार म्हशी होत्या तिच्या. सकाळी धारा काढून, दूध घालून तासाभराचा डोंगर उतरून यायची. न्हाणं मूळ तिचं. रिठा किती ठेचायचा, शिकेकाई कधी उतरवायची, वाळा केव्हा टाकायचा, हे गटातल्या बायकांना तिने शिकवलं होतं. खोलीची किल्ली तिच्याकडे असायची. पहिल्या वर्षी तिचा चहाचा कप वेगळा होता, अंगाला म्हशींचा वास येतो म्हणून. मग तो कधीतरी वेगळा राहिला नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

“काय निघालं मग तुमच्या दुर्बिणीत?” सरूबाईने मला विचारलं. सरूबाई गटाची खजिनदार होती आणि तिला मुद्द्याचं बोललेलं आवडायचं.

“खराब झालंय. आंबलंय.”

“ते नाकानं पण कळतंय. कशानं आंबलं?”

“सूक्ष्म जीव वाढलेत.”

“म्हणजे जंतू,” सरूबाई बाकीच्यांना म्हणाली. “आणि ते येतात कुठून?”

“कुठूनही येतात,” मी म्हणाले. “हवेतून, भांड्यातून, हातांतून.”

यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. पण हात म्हटल्याबरोबर सगळ्यांनी ठकूबाईच्या हातांकडे बघितलं. तिने ते मांडीवर ठेवले होते. नखांच्या कडा काळपट हिरव्या होत्या, गुरं राखणाऱ्या कुणाच्याही असतात तशा.

“मी आधीपासून म्हणत होते,” सरूबाई म्हणाली. “शेणात घातलेले हात आणि तेच पातेल्यात.”

“धुऊन घालते की ती,” कुणीतरी म्हणालं.

“धुते गं. पण कशानं धुते? आपल्याच न्हाण्यानं. ते तर नासलेलं.”

दोघीतिघी हसल्या. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मी काचपट्टी पुसत होते.

“ठकू, तुला काय वाटतं?” अक्कांनी विचारलं.

ठकूबाईनेही आधी माझ्याकडेच बघितलं. मग म्हणाली, “माझ्याकडनंच झालं असंल.”

त्यावर पुढचं लवकर उरकलं. ठकूबाईने रानातून रिठा, शिकेकाई आणून पायरीवर द्यावी, आत यायचं नाही. किल्ली सरूबाईकडे. शनिवारी गुपते साहेबांना सांगायचं की चूक सापडली, ती बाई बाजूला केली. ठकूबाईने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. चहा आला तेव्हा सगळ्यांना कपातून मिळाला आणि तिला स्टीलच्या पेल्यातून. तिने तो फुंकर मारत शांतपणे पिऊन टाकला, विसळून पालथा घातला आणि गेली.

आता भिंतीवरच्या पुठ्ठ्याबद्दल सांगायला हवं. माझ्याच अक्षरातला. त्यावर कृती होती: एक, रिठा. दोन, शिकेकाई. तीन, आवळा. चार, कोरफड. पाच, वाळा. सहा, लिंबाचा रस. सात, पुडी, थंड झाल्यावर. सहा गोष्टींना नावं होती, सातवीला नव्हतं.

त्याच्या तीन वर्षं आधी पहिलं न्हाणं मी साताऱ्याला नेऊन ठेवलं, ते आठ दिवसांत आंबलं होतं. फळांच्या काढ्याचं दुसरं काय होणार? मी तेव्हा टिकवण्यासाठीचं एक रसायन आणून घातलं. साधंच. सरबतात, लोणच्यात घालतात, कायद्याने चालतं. वीस लिटरला ऐंशी ग्रॅम. बाटल्या सहा महिने टिकू लागल्या. त्याच सुमारास अक्का लेबलं छापून घेऊन आल्या आणि त्यावर तो शब्द होता. मी म्हणाले, “अक्का, पाणीसुद्धा रसायनच असतं.” त्या म्हणाल्या, “ते तुझ्या कॉलेजात.” सगळ्या हसल्या आणि मीही हसले. पुढच्या खेपेला सांगू असं ठरवलं. मग पुढच्या दिवाळीला. कर्दळीला त्याने काही होत नाही, जलाशयात ते आठवड्याभरात विरून जातं, कुणाच्या कातडीला इजा नाही, हे सगळं मी पुस्तकांतून पडताळून घेतलं होतं. सगळं खरं होतं. दर दोन महिन्यांनी मी ऐंशी ऐंशी ग्रॅमच्या पुड्या बांधून पाठवत राहिले, आणि पुडीवर फक्त आकडा.

पुडी घातली असती तर यीस्ट वाढलंच नसतं. म्हणजे यावेळी ती घातलेली नव्हती. का, ते मला कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी मागच्या अंगणात दात घासत होते तेव्हा ठकूबाई दूध घेऊन आली. दुधाची किटली ओट्यावर ठेवून तिने पदराखालून एक पत्र्याचा डबा काढला.

“वैनी, ह्ये तुमचं. तुमच्यापाशी असू द्या.”

आत तीन पुड्या होत्या. दोन जशाच्या तशा बांधलेल्या, एकीचा दोरा सोडून पुन्हा गुंडाळलेला.

“घातल्या नाहीत?”

“न्हाई.”

“का?”

ती ओट्याच्या कडेला टेकली. “श्रावणात साहेब आलं हुतं, कसं करत्यात ते बगाया. बाया समद्या लाजून मागं. त्यांनी मलाच इचारलं, मावशी, ह्यात बाहेरचं काय घालता का? म्या म्हनलं, न्हाई, समदं रानातलं. सबूद दिला. मग ते गेल्यावर ध्यानात आलं, सातव्या पुडीचं आपल्याला ठावंच न्हाई. म्हनून सोडली आन् जिभंला लावली.”

“ठकूबाई, असं चाखू नये काही.”

“आमी समदंच चाखतो. न्हाईतर रानात कळायचं कसं? आदी गोडसर लागलं, मागनं जीभ आवळली. रानातल्या चवी मला ठाव्या हाईत. ही त्यातली न्हवं.”

“मला विचारायचं.”

“इचारनार हुते. पर तुमी शिकलेल्या. समद्यांची नावं लिवली आन् हिचंच लिवलं न्हाई, म्हंजी तुमाला सांगायचं नसंल.” तिने किटलीचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं. “म्या सबूद दिलता. म्हनून घातली न्हाई. नासंल असं वाटलं न्हवतं. आमी घरी करतो ते चार दिसात संपतं. बाटलीत दोन दोन म्हैनं कुनी ठेवलंय?”

तोंडातला फेस मला थुंकायचा होता आणि मी तशीच उभी होते. शेवटी चूळ भरली.

“काल का नाही बोललात हे? सगळ्यांसमोर तुम्हाला...”

“तुमी हुत्या की तितं,” ठकूबाई म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. कोण कुठे बसलं होतं ते सांगावं तसं तिने ते सांगितलं. मग किटलीतलं दूध आमच्या पातेल्यात ओतलं आणि निघाली. फाटकाशी वळून म्हणाली, “रिठा उद्या आनते. पायरीवरच ठिवीन.”

दुपारी अक्का खोलीत नव्या लेबलांची बंडलं सोडत होत्या. फुगलेल्या बाटल्या त्यांनी खड्ड्यात ओतायला लावल्या होत्या आणि शनिवारी दाखवायला स्वच्छ बाटल्या मांडायच्या होत्या. मी समोर बसले.

“अक्का, लेबलवरच्या त्या शब्दाबद्दल बोलायचंय.”

“आज नको.”

“आजच बोलायला हवं.”

त्यांनी बंडल बाजूला ठेवलं. “कल्पा, तो एक शब्द आहे म्हणून आपण त्या माणसाच्या न्हाणीघरात आहोत. नाहीतर साबण काय दुकानात कमी आहेत? बारा बायका आहेत इथे. सरूच्या सुनेनं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं खातं काढलंय.”

“ते मला माहीत आहे. पण सातवी पुडी...”

“सांगू नकोस,” अक्का पटकन म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “मी चौथी शिकले असेन, पण शिकेकाई किती दिवस टिकते ते मला आईच्या घरापासून ठाऊक आहे. तू आलीस आणि सहा महिने टिकायला लागली. मी कधी विचारलं? तू सांगितलंस तर मला त्या साहेबासमोर खोटं बोलावं लागेल. आता नुसतं गप्प राहावं लागतंय. तेवढं मला जमतं.”

“आणि ठकूबाई?”

अक्कांनी एक लेबल उचललं, त्याचा मागचा कागद नखाने सोडवायला गेल्या. तो सुटेना.

“चार महिन्यांनी घेऊ परत तिला,” त्या म्हणाल्या. “लोक विसरतात.”

मी उठले. त्या दिवशीही मी काहीच बोलले नाही. अक्कांचं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण गप्प राहणं त्यांच्याइतकंच मलाही जमत होतं, हे मात्र तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

शनिवारी अकराच्या लाँचने गुपते आला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, पायांत रबरी चपला. त्याने आधी भिंतीवरचा पुठ्ठा वाचला, मग पातेली बघितली, मग खुर्चीवर बसून चहा घेतला. गटाच्या बायका भिंतीला टेकून रांगेत बसल्या होत्या. ठकूबाई दाराबाहेर पायरीवर होती. रिठ्याची पाटी शेजारी, पाठ आमच्याकडे.

“साहेब, चूक कळली आम्हाला,” अक्कांनी सुरुवात केली. त्यांनी हे पाठ केलं होतं. “स्वच्छतेत कमी पडलो. एका बाईच्या हाताचं झालं. तिला बाजूला केलंय. आता आत फक्त या बायका.”

“कोण बाई?” गुपतेने विचारलं.

सरूबाईने हनुवटीने दाराकडे दाखवलं. गुपतेने मान वळवून बघितलं.

“या मावशी? श्रावणात मला सगळं दाखवलं त्या?”

“त्याच. म्हशी आहेत तिच्या,” सरूबाई म्हणाली. “काम चांगलं करते, पण हात...”

पायरीवरची पाठ हलली नाही. ठकूबाई पाटीतला एक एक रिठा उचलून कीड आहे का बघत होती आणि पुन्हा टाकत होती.

गुपतेने चहाचा कप खाली ठेवला. “खरं सांगू का,” तो म्हणाला, “माझ्याकडे अजून एका कंपनीचं आलंय. तेही नैसर्गिक म्हणतात. मागे सोळा नावं आहेत, एकही मला वाचता येत नाही. फोन केला तर म्हणतात, पत्रक पाठवतो. तुमचं घेतलं ते फेसामुळे नाही. फेस तर येतच नाही.” एक-दोघी हसल्या. “विचारलं तर इथे माणूस समोर उभं राहून उत्तर देतं, म्हणून घेतलं. मग आता विचारतो. पुढे घ्यायचं की नाही ते त्यावर.”

तो माझ्याकडे वळला. “मॅडम, तुम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघितलंय असं अक्का म्हणाल्या. हे हातांमुळेच झालं का?”

अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी मांडीवरचं लेबल हाताने सपाट केलं, मग पुन्हा केलं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. हातांमुळेही होऊ शकतं, हे खरं आहे. नक्की सांगता येत नाही, हेही खरं आहे. अशी खरी वाक्यं मला आयुष्यभर पुरली असती. पायरीवर रिठा पाटीत पडल्याचा बारीक आवाज आला आणि मग पुढचा आला नाही. ठकूबाईचे हात थांबले होते.

मी उभी राहिले. वर्गात शिकवताना राहते तशी.

“नाही,” मी म्हणाले. “हातांचा काही संबंध नाही. लेबलवरचा शब्द खोटा आहे, पहिल्या बाटलीपासून. पुठ्ठ्यावरची सातवी पुडी म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकवण्याचं रसायन. तीन वर्षं मी ते पाठवतेय आणि काय आहे ते मी इथे कुणालाही सांगितलेलं नाही. या खेपेला ठकूबाईंनी ते घातलं नाही, म्हणून बाटल्या फुगल्या. आणि घातलं नाही, कारण त्यांनी तुम्हाला शब्द दिला होता.”